बाबा बेटावरचं घर बघून आले

लग्न ठरवायचं तर मुलाचं घर आधी डोळ्यांनी बघायचं, हा आमच्याकडचा नियम. "फोटोत सगळीच घरं चांगली दिसतात," असं आई म्हणते. ताईच्या वेळी बाबा मुलुंडहून रिक्षाने भांडुपला गेले, घर बघितलं आणि येताना गरम वडे घेऊन तासाभरात परत आले. माझ्या वेळी त्यांना आधी विमान, मग दोन रात्री बोट आणि शेवटी चिखलातून मोटरसायकल असा प्रवास करावा लागला. वडे आणता आले नाहीत, याचंच त्यांना जास्त वाईट वाटलं असावं.

मुलगा निकोबारचा. त्याचे आजोबा साताऱ्याकडचे, सैन्यातले. निवृत्त झालेल्या काही जवानांना सरकारने तिथे जंगलात जमिनी दिल्या होत्या, त्यात यांनाही मिळाली. त्सुनामीत पहिलं घर गेलं, मग टेकडीवर दुसरं मिळालं. वस्ती म्हणजे जंगलात विखुरलेली तीसेक घरं, नारळ, सुपारी, एक शाळा, एक दुकान, छोटंसं आरोग्य केंद्र आणि वर्षातला बहुतेक काळ पाऊस. शिकायला तो नाहूरला त्याच्या आत्याकडे राहिला आणि तिला घेऊन रक्त तपासायला मी कामाला होते त्या लॅबमध्ये यायला लागला. एवढ्या वेळा शुगर तपासायची त्या बाईंना काही एक गरज नव्हती. मला ते कळत होतं, पण सुई टोचून घेणाऱ्या आत्यांनी तक्रार केली नाही, मग मी कशाला करू? पुढे तो शिक्षक होऊन बेटावर परत गेला आणि मी घरी सांगितलं.

"निकोबार म्हणजे ते काळ्या पाण्याचं?" आईने विचारलं.

"त्याच्याही पुढे."

"त्याच्या पुढे काय आहे अजून?"

"इंडोनेशिया."

आईने गॅस बंद केला आणि स्टुलावर बसली. आठ महिने आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. तळमजल्यावरच्या काकांनी मात्र मनापासून पाठिंबा दिला. "तिकडे आता बंदर येणार, विमानतळ येणार असं ऐकतो. आताच जागा घेऊन ठेवा, भाव कुठल्या कुठे जाईल बघा!" काकांना चंद्रावर नेलं तरी ते आधी रिडेव्हलपमेंटचं विचारतील.

आईचं म्हणणं वेगळंच होतं. एकदा भांडता भांडता ते तिच्या तोंडून निघालं. "ही तिथे तापाने फणफणली तर मी इथून काय फोनवर पट्ट्या ठेवू कपाळावर?" मी दार आपटून आत गेले, कारण उत्तर नसलं की मी तेच करते.

शेवटी तिनेच तोडगा काढला. बाबांनी जायचं, बघायचं आणि ते सांगतील तसं करायचं. ते नाही म्हणाले तर विषय संपला. दुसरा मार्ग नव्हता म्हणून मीही हो म्हटलं. मला तर खात्री होती की बाबा नाही म्हणणार. त्यांना तर मी भांडुपपलीकडेही जायला नको होतं, फक्त ते तोंडावर बोलत नाहीत एवढंच.

आईने त्यांना वहीच्या पानावर प्रश्न लिहून दिले. स्टेशनपासून चालत किती? पाणी किती वाजता येतं? घर कितव्या मजल्यावर? शेजारी कोण? या माणसाने ते पान खिशात घालून भारताच्या टोकापर्यंत नेलं आणि मुलाच्या आईसमोर चष्मा लावून एकेक प्रश्न वाचला, हे मला नंतर कळलं. माझी अब्रू तिथल्या खेकड्यांपर्यंत गेली. त्या बाईंनीही शांतपणे उत्तरं दिली. स्टेशन नाही, जेट्टी आहे, बोट आठवड्याने येते, कधी पंधरा दिवसांनी. मजला एकच. शेजारी ओढ्याच्या पलीकडे, हाक मारली तर ऐकू येते, पाऊस नसेल तर.

आणि पाणी? बाबांचा फोन आला तेव्हा ते इतक्या जोरात ओरडले की स्पीकर लावायची गरज पडली नाही. "अगो, थंय पाणी चोवीस तास आसा!" जोशात आले की बाबांच्या तोंडून मालवणी निघते. आमच्या सोसायटीत पाणी सकाळी दीड तास. त्या दीड तासापायी या माणसाने उभ्या आयुष्यात कधी नीट आंघोळ केली नाही. "कोकणच आहे गं सगळं," पुढे म्हणाले, "फक्त भावकी नाही. आणखी काय हवं माणसाला?"

त्यानंतर तीन दिवस फोन नाही. मग एक छोटासा कॉल, "नेटवर्क नव्हतं, सगळं झकास, निघतोय." आवाज जरा बसलेला वाटला, पण मी ते पावसाच्या गारठ्यावर ढकललं. खरं सांगायचं तर मला होकार हवा होता, त्यामुळे मी फार खोदून विचारलं नाही.

रविवारी दुपारी बाबा घरी पोचले. पाठीवर नारळांचं ओझं, पँट दोन बोटं सैल. आईने आमटीभात वाढला आणि समोर बसली. बाबा सुरू झाले. घर उंचावर, कोरडं. माणसं साधी. मुलाची आई मराठी बोलते, मध्येच हिंदी, मध्येच तमीळ, पण जेवण आपलंच. शाळेतली पोरं त्याच्या मागे मागे फिरतात. जंगल इतकं दाट की दुपारी दिवा लावावासा वाटतो. "एकही वाईट गोष्ट सापडली नाही," बाबा म्हणाले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "मी शोधली होती, खोटं कशाला बोलू."

"आणि तब्येत?" आईने विचारलं.

"ठणठणीत!"

"मग ते तीन दिवस?"

"नेटवर्क गं. तिथे पाऊस पडला की..."

"एकशेतीन ताप," आई म्हणाली. "मोटरसायकलवर तुम्हाला स्वतःच्या पाठीशी चादरीने बांधून त्याने केंद्रात नेलं. तिथे एकच नर्स, डॉक्टर तालुक्याच्या मीटिंगला गेलेले. बोटीला पाच दिवस होते. शाळेला सुट्टी घेऊन तो उशाशी बसला, त्याच्या आईने पेज भरवली. सांगा, यातलं काय खोटं आहे?"

बाबांचा घास हातात राहिला. माझाही. "तुला कोणी सांगितलं?" बाबांनी विचारलं.

"त्यानेच. पहिल्या दिवशी, दुकानाच्या छपरावर चढून फोन लावला. तुम्ही त्याला म्हणालात ना, घरी कळवू नकोस, ती मुलगी द्यायची नाही? तो म्हणाला, काकू, काका नको म्हणालेत, पण तुम्हाला माहीत असायला हवं. इथे असंच आहे. तुम्ही विचार करून काय ते ठरवा."

मला त्याने एका शब्दाने कळवलं नव्हतं. आईने त्याला शपथ घातली होती, मी रडून घर डोक्यावर घेईन म्हणून. तेवढं एकच लपवलं त्याने, तेही तिच्या सांगण्यावरून.

"अगं, मी हिच्यासाठीच..." बाबा पुटपुटले.

"कळलं मला," आई म्हणाली. तिचे डोळे भरले होते, आवाज मात्र तसाच खणखणीत. "लपवणारा एक माझ्या वाट्याला आला, तीस वर्षं निभावतेय. हिला तरी खरं सांगणारा मिळू दे." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "चल, कधी जायचंय तुला?"

आठ महिने मी या एका वाक्यासाठी आईशी भांडले होते. बाबांकडे पाहिलं. या प्रवासात त्यांची मान बारीक झाली होती, शर्टाची कॉलर सैल लागत होती. आईने त्यांच्या भातावर अजून एक चमचा तूप घातलं.

"एवढी काय घाई आहे?" मी म्हणाले आणि मला रडूच आलं.