आण्णांचा पंधरा भोकांचा मॉनिटर

आमचे थोरले दीर, आण्णा, खिशात पाकीट ठेवत नसत, लोखंडी टेप ठेवत. पुण्याजवळच्या आमच्या माण गावातल्या जमिनी विकल्या गेल्या तेव्हा मोजणीत त्यांची चार फुटांची पट्टी शेजारच्या बंगल्यात गेली. तेव्हापासून त्यांचा जगावरचा विश्वास उडाला. नवा सोफा आला की आण्णा मोजायचे. जावई आला की आधी त्याची गाडी मोजायचे. "आदी मोजणी, मंग बोलणी," असं म्हणायचे. शेत राहिलं नव्हतं, टेप राहिला होता.

मी घरातली धाकटी सून. आमच्यात थोरल्या दिराशी समोरासमोर बोलत नाहीत. बावीस वर्षं मी त्यांच्याशी जे बोलले ते दाराच्या चौकटीशी बोलले. "चहा झालाय म्हणावं," असं मी चौकटीला सांगायची आणि आण्णा उठून यायचे.

मग त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, पण उजवा हात लुळा पडला आणि उजवीकडचं नीट दिसेना. ज्यांनी अख्खं गाव मोजलं त्यांना पायजम्याची नाडी बांधता येईना. जाऊबाई बांधून द्यायच्या, तेवढा वेळ आण्णा भिंतीकडे बघत उभे राहायचे. माणसांत येणं त्यांनी बंद केलं. डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला, तो खिडकीतून बाहेर गेला. "मी काय रांगतं पोर हाय व्हय?"

पुढं माळ्यावर त्यांच्या मुलाचा जुना व्हिडिओ गेम सापडला. मुलगा परदेशात. गेमची बटणं अंगठ्यानं दाबायची असतात. चेंडू पोरकट, पण हा चालेल, असा निवाडा आण्णांनी दिला. फक्त हॉलमधल्या टीव्हीवर नको, चार माणसं बघतील. मग वरच्या रिकाम्या खोलीत एका भाडेकरूनं टाकून दिलेला कॉम्प्युटरचा मॉनिटर पुसून ठेवला.

आण्णांनी डाव्या हातानं टेप लावला. "ह्या खेळाला तीन शेपट्या, त्या पडद्याला पंधरा भोकं. सोयरीक जमायची कशी?"

आमचा भाडेकरू केदार लातूरकडचा, कॉम्प्युटरच्या कंपनीत. त्याला बोलावलं.

"काका, मी सॉफ्टवेअरवाला. हे हार्डवेअर झालं."

"म्हंजी डाक्टर हायेस, पर नाडी बगत न्हाईस."

केदार लाजला आणि कंपनीतले चार मित्र घेऊन आला. त्यांनी तासभर चर्चा केली, दोनदा चहा घेतला आणि पुन्हा चर्चा करायचं ठरवून गेले. शेवटी एक वायर मागवली, एका टोकाला तीन पिना, दुसऱ्याला पंधरा. आण्णांनी मोजली. "बराब्बर!" वायर बसलीही चपखल. पडद्यावर मात्र सिग्नल नाही एवढीच पाटी.

"माप बसलं, मंग?"

"माप बसतं काका, भाषा जुळत नाही. मध्ये एक डबी लागते, याचं त्याला समजावून सांगणारी."

डबी आली, चित्र आलं. आण्णा म्हणाले, "एजंटाबिगर ह्या माणमदी काय बी जुळत न्हाई."

पण मॉनिटरला आवाज नव्हता. गेममधले शत्रू उजवीकडून यायचे, आणि आण्णांना उजवीकडचंच दिसत नव्हतं. आवाज असता तर चाहूल लागली असती. तीन दिवस ते पहिल्याच खड्ड्याशी मेले. चौथ्या दिवशी त्यांनी खेळणं खाली ठेवलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

त्या खोलीत गणपती मंडळाचा अ‍ॅम्प्लिफायर असायचा. दरवर्षी मीच पुसते. त्याची पांढरी-तांबडी भोकं मला पाठ. केदार वर आला तेव्हा मी चौकटीला म्हटलं, "केदारदादा, पांढरी पिन त्या खोक्यात बसंल म्हणावं."

बसली. फक्त त्या खोक्याची वायर गच्चीवरच्या कर्ण्याला तशीच होती, हे माझ्या ध्यानात आलं नाही. अख्ख्या आळीत टिंवटिंव सुरू झालं. आण्णांकडे येणारा जमिनीचा एक एजंट धावत जिना चढून आला. "आण्णा, ह्ये कंचं मंडळ बसवलं?"

मला वाटलं, आता जमीन दुभंगावी. पण जमीनसुद्धा विकलेली.

आण्णांनी मान वळवली नाही. "थांब जरा. उजवीकडनं एक येतुया, त्याला मारू दे."

कर्णा त्यांनी काढू दिला नाही. रोज दुपारी आळी ऐकायची. "आण्णा आज दुसऱ्या पुलावर गेले," असं लोक एकमेकांना सांगायचे, आणि रिहे गावच्या एका पाहुण्यानं तर घाबरून फोन केला. आण्णांनी स्वतःच उचलला. "गेलो हुतो. अजून दोन जीव शिल्लक हायेत."

आता आण्णा खरंच गेले, त्याला वर्ष होईल. मला आठवते, गेम सुरू केल्यानंतर चार महिन्यांनी आलेली एक सकाळ. त्या दिवशी ते नाडी स्वतः बांधून खाली आले. दुपारी आंघोळीला निघाले, तर गाठ सुटेना. जाऊबाई कात्री घेऊन आल्या.

"खबरदार! गाठ माजी हाय."

ते पलंगावर बसून राहिले. आमटी गार झाली, एजंट वाट बघून गेले. दीड तासानं गाठ सुटली. आण्णांनी सुटलेली दोन टोकं वर धरून आम्हाला दाखवली, आणि आंघोळीचं विसरून लगेच पुन्हा बांधली.