बाटल्यांवर चढलेला दोडका

आमच्या गच्चीवर दोडक्याचा वेल रिकाम्या बाटल्यांच्या पोत्यांवर चढलेला आहे आणि त्याला जबाबदार मी आहे.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. ‘प्लास्टिक धुवा, वाळवा, भंगारवाल्याला द्या’ हे मी इतक्यांदा सांगितलंय, की दुधाची पिशवी धुताना बायको माझा आवाज काढते. मग करोना आला. माणसांचं येणं बंद, पण बाटल्यांचं चालूच! सॅनिटायझर, हँडवॉश, फिनाईल, काढा! जुन्या जालन्यातल्या आमच्या गल्लीत येणारे भंगारवाले सलीमभाई फोनवर म्हणाले, “सर, गोदाम बंद हय. प्लास्टिक को कोई हात नहीं लगा रहा. आप बी मत लगाव!”

मग सगळं गच्चीवर. बघता बघता पोती अकरा झाली.

त्यात डोळ्याच्या ऑपरेशनला हसनाबादहून आलेली आई टाळेबंदीत आमच्याकडेच अडकली. येताना तिनं घर धाकट्या सुनेवर सोडलं होतं, पण दोडक्याचं बी सोडलं नव्हतं. ते तिच्या आईनं धावड्याहून, म्हणजे आईच्या माहेराहून, लग्नात दिलेलं. दरसाल पेरायचं, वाळल्या दोडक्यातून दरसाल नवं बी धरायचं आणि राखेत घोळून बाटलीत ठेवायचं. मला याचा पत्ताच नव्हता. (शेतकऱ्याचा मुलगा! वर विज्ञान शिकवतो!)

एके दिवशी घराचे कानेकोपरे धुंडाळून सगळ्या बाटल्या गोळा केल्या आणि मास्क, हातमोजे, बायकोचा रेनकोट असा जामानिमा करून धुवायला बसलो. मास्कमुळे चष्म्यावर वाफ. एका बाटलीत राख दिसली. म्हटलं, घरात तीन पेस्ट असताना आई अजून राखुंडीनं दात घासते! राख गच्चीवरच्या खताच्या टबात ओतली, बाटली तीनदा धुतली, वर सॅनिटायझर मारलं.

संध्याकाळी आईनं विचारलं, “बाळू, माही राखंची बाटली कुठं गेली रे?”

“धुतली. चकाचक!”

“आन् राख?”

“खतात टाकली. काही वाया जाऊ दिलं न्हाई, आई!”

“आरं, त्यात बी व्हतं! दोडक्याचं! माह्या मायचं! आता काय पेरू? तुहं सॅनिटायझर?”

ती जेवली नाही. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी मी, बायको आणि लेक चिमी टब उपसायला बसलो. पुन्हा मास्क, मोजे, रेनकोट! चहाच्या गाळणीनं आम्ही खत गाळत होतो. समोरच्या काकूंनी ते पाहिलं आणि दहा मिनिटांत बातमी गल्लीभर झाली: मास्तरच्या घरी कोणाला तरी झालंय, तीन डॉक्टर गच्चीवर आलेत! अर्ध्या तासात पाठीवर पंप लावलेला नगरपालिकेचा फवारणीवाला हजर.

“बाजूला व्हा! पह्यले या टबातच मारतो, लय वास येऊन राह्यला!”

“अहो, थांबा, त्यात बी आहे!” मी ओरडलो, पण मास्कातून कोणाला काय कळतंय! त्यानं नळी उचलली आणि तेवढ्यात ऑपरेशनचा काळा चष्मा लावलेली आई जिना चढून थेट टबापुढं उभी राहिली.

“एक थेंब पडू दे, तुलाच फवारते!”

फवारणीवाला आल्या पावली जिना उतरला. मग आई आमच्याकडे वळली. “तुमी बी खाली व्हा. उकरू उकरू बियाचा जीव घेऊन राह्यले!”

आठवड्याभरात टबातून सात कोंब वर आले. आई त्या दिवशी दोन भाकरी जास्त जेवली. वेलांना आधार हवा होता आणि शेजारी होती पोती! त्यांनी अकराच्या अकरा पोती ताब्यात घेतली. फुलं आली, दोडके लागले आणि नेमके तेव्हा सलीमभाई गाडा घेऊन उगवले. “सर, गोदाम खुल गया!”

आईनं पोत्यांपुढं बैठक मारली. “बी धरल्याबिगर एक पोतं हलणार न्हाई.”

वेलावर दोडके वाळून खुळखुळ वाजू लागले, तेव्हा कुठं आई हसली. अर्धं बी घेऊन ती हसनाबादला गेली, अर्धं आमच्याकडे ठेवलं. तेव्हापासून दरसाल वेल तिथंच असतो आणि पोतीही तिथंच. सलीमभाई आता बाटल्यांचं विचारतच नाहीत, दोडके घेऊन जातात.

बी पुन्हा राखेत घोळून त्याच चकाचक बाटलीत ठेवलंय. आईच्या सांगण्यावरून चिमीनं बाटलीवर ठळक अक्षरांत चिठ्ठी चिकटवली आहे: ‘लहान मुलं आणि मास्तर यांच्यापासून दूर ठेवा.’