सेक्रेटरी, उजवा पाय!

समोरच्याचं कोपर दोन बोटांत धरून हलवायचं आणि विचारायचं, "हे कुणाचंय? तुमचंच ना? मग वापरा की!" ही बाईंची नमस्कार करायची रीत होती. भाजीवाला असो, बालवाडीतली पोर असो, देवळातून परतणाऱ्या आजी असोत, सगळ्यांना हाच प्रश्न.

मला तो विचारला गेला तेव्हा मी बाईंना हॉलमधून हाकलायला गेलो होतो.

नाशिक रोडला आमची सोसायटी आहे आणि मी तिचा सेक्रेटरी. सरकारी कचेरीतल्या खुर्चीवर आयुष्य काढलेल्या माणसाला निवृत्तीनंतर घरात कुणी विचारत नाही, म्हणून तो सोसायटीचा सेक्रेटरी होतो. तुमच्याकडेही असा एक असणार. आमचा हॉल पहिल्या मजल्यावर आणि त्याच्या बरोब्बर खाली माझा फ्लॅट. संध्याकाळी मी वर्तमानपत्र उघडायचो आणि वर धपाधप सुरू व्हायचं. पंखा डुगडुगायचा. बाईंनी तिथे नाचाचा वर्ग काढला होता, सगळ्या वयांच्या माणसांसाठी.

एके दिवशी मी तडक वर गेलो. नियम, शांतता, ज्येष्ठ नागरिकांचे हक्क अशा क्रमाने भाषण केलं. बाई पदराने घाम पुसत ऐकत होत्या. साठीच्या पुढच्या, चांगल्या रुंद बांध्याच्या, लुगड्यासारखी चापूनचोपून नेसलेली सुती साडी. नाच शिकवणारी बाई अशी दिसते हेच मला पटेना.

माझं संपल्यावर त्या म्हणाल्या, "एक विचारू? भांडताना तुम्ही एकच हात वर करता. दुसरा का नाही?"

"तो खांद्याच्या वर जात नाही. आखडलाय."

झालं. माझं कोपर त्यांच्या दोन बोटांत गेलं आणि तो प्रश्न आला. वर, "भांडायचं तर दोन्ही हातांनी भांडावं माणसानं. एका हातानं काय मजा?"

सगळा वर्ग हसला. दुसऱ्या दिवशी मी मागच्या रांगेत उभा होतो. बायको अजून सांगते, "हे वर्ग बंद करायला जिना चढले आणि नाव घालून उतरले."

बाई मूळच्या सिन्नरकडच्या, शेतकऱ्याघरच्या. जन्मभर शाळेत शिक्षिका होत्या आणि दरवर्षीच्या गॅदरिंगचे नाच त्यांच्याच गळ्यात पडायचे. गुरू वगैरे कुणी नव्हता. फुगडी, झिम्मा, लेझीम एवढ्या भांडवलावर त्यांनी पिढ्या नाचवल्या. पुरुषांसमोर त्या 'नाच' हा शब्द चुकूनही काढत नसत. "कवायत म्हणा हो," म्हणायच्या, "नाच म्हटलं की बाप्ये दाराकडं बघतात." मीही ओळखीच्यांना व्यायामाला जातो असंच सांगत असे. लोक विचारायचे, मग व्यायामाला झब्बा कशाला?

माझा खांदा हळूहळू सुटला. पाय मात्र जन्मजात सरकारी. वर सूचना मिळाली तरी खाली अंमलबजावणी व्हायला वेळ लागायचा, आणि व्हायची तीही उलट. सगळी रांग उजवीकडे निघाली की मी डावीकडे.

"सेक्रेटरी, उजवा! उजवा पाय! जेवता त्या बाजूचा!"

मी मनात घास घेऊन बघायचो. तोवर रांग परत आलेली असायची.

शेवटी बाईंनी माझ्या शेजारी तिसऱ्या मजल्यावरची मुक्ता उभी केली. पहिलीत होती. "हिच्याकडे बघा आणि हिच्यासारखं करा," एवढाच मला हुकूम. मुक्ताने माझी करंगळी धरून पुष्कळ मेहनत घेतली. मग एकदा घरी जाऊन तिने आईला सांगितलं, "ते आजोबा मस्ती करत नाहीत, आई. त्यांना खरंच येत नाही." आईने ते माझ्या बायकोला सांगितलं आणि बायकोने येईल त्या पाहुण्याला.

गणपतीत बाईंनी आमचं लेझीम बसवलं. पहिल्या रांगेत मला ठेवू नका अशी मीच विनंती केली होती. "मागं ठेवलं तर तुम्ही मागच्या मागं पळाल," म्हणाल्या. व्हायचं तेच झालं. ढोलकीचा ठेका बदलला, रांग उजवीकडे वळली आणि मी डावीकडे वळून थेट शेजारी नाचणाऱ्या चेअरमनसाहेबांच्या पोटावर गेलो. त्यांची लेझीम माझ्या लेझमीत अडकली. दोघं सोडवत बसलो आणि बाकीचे आमच्याभोवती नाचत राहिले. टाळ्या पडल्या त्या आमच्यासाठी. नंतर कितीतरी जणांनी हात हातात घेऊन सांगितलं, "विनोदी काम फार छान केलंत." मी तोंड पाडून बाईंकडे गेलो. त्यांचं हसून डोळ्यांत पाणी आलेलं. "असू द्या. तुम्ही थांबला नाहीत ना? थांबतो तो चुकतो."

त्या हिवाळ्यात बाई न्हाणीघरात पडल्या. खुबा मोडला. ऑपरेशन चांगलं झालं, डॉक्टरांनी वॉकर धरून चालायला सांगितलं. पण बाई उठेनात. पुढच्या गल्लीत त्या एकट्या राहायच्या, म्हणून सिन्नरहून मुलगी येऊन राहिली होती. ती आमच्याकडे येऊन रडली. "व्यायाम करून घ्यायला माणूस येतो, तर आई डोळे मिटून पडून राहते. डॉक्टर म्हणतात, आता उठली नाही तर कायमची झोपून राहील. तुमचं ऐकेल का बघा ना, काका."

माझं आजवर कुणी ऐकलं नव्हतं, सोसायटीत तर नाहीच. तरी गेलो. बायको होती, आणि बातमी लागल्याने मुक्ताही आमच्याबरोबर निघाली.

बाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. बायकोने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. त्या भिंतीशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "पाय मला सोडून गेला हो त्या दिवशी. आपलाच पाय. एवढी वर्षं सांगितलं ते केलं त्यानं. आता त्याच्यावर भरवसाच नाय." मग अगदी बारीक आवाजात, "मी घाबरले. लय घाबरले."

सभेत मी ठराव मांडतो, पण इथे काय मांडणार? हिम्मत धरा म्हणावं, तर ते म्हणणारा कोण? ज्याला उजवाडावा कळत नाही तो.

मुक्ताने माझी करंगळी ओढली. "आजोबा, बाईंना आपली लेझीम दाखवू या ना."

लेझीम कुठली? बाईंच्या मुलीने दोन वाट्या आणि दोन चमचे आणून दिले. पलंग आणि कपाट यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत आम्ही दोघं उभे राहिलो, मुक्ताने "एक, दोन" म्हटलं आणि सुरू केलं. लोकांना मी सांगतो की त्या दिवशी मी मुद्दाम चुकलो. तुम्हाला म्हणून सांगतो, मी जीव तोडून बरोबर करत होतो.

वाटीचा आवाज ऐकून बाईंनी मान वळवली. मुक्ता उजवीकडे गेली. मी कपाटावर आपटलो.

बाईंनी ओठ घट्ट मिटले. आम्ही पुन्हा धरलं. मी पुन्हा कपाटावर.

"अहो, उजवा!"

तिसऱ्यांदा मी इतक्या काळजीने विचार केला, की दोन्ही पाय जागच्या जागी अडकले आणि मी पलंगाच्या कडेला धरून कसाबसा सावरलो. तेवढ्यात पांघरूण बाजूला झालं. "अरे देवा, ह्यांना मी काय शिकवलं!" म्हणत बाईंनी पाय खाली सोडले. मुलगी शहाणी. तिने लगेच वॉकर पुढे सरकवला आणि मागून आईच्या कमरेला हात दिला. बाई उभ्या राहिल्या. माझ्याकडे बघत, चिडून, त्यांनी उजवा पाय जमिनीवरून उचलला आणि पुढे टेकवला. "हा! हा उजवा! दिसला?"

"दिसला," मी म्हणालो.

मग त्यांच्या लक्षात आलं आपण उभ्या आहोत ते. वॉकरवरची बोटं पांढरी पडली. चेहरा लहान मुलीसारखा झाला. "दुखतंय," त्या म्हणाल्या, "लय दुखतंय गं," आणि रडता रडता हसायला लागल्या. आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांना बसवलं. मुक्ताने वाटी खाली ठेवली आणि विचारलं, "आता बरोबरचं दाखवू का?"

माझ्या वाईट नाचाचा कुणाला उपयोग झाला असेल तर तो तेवढाच. बाई आधी वॉकरने, मग काठीने चालायला लागल्या. पण आमच्या हॉलचा जिना काही त्यांना परत चढता आला नाही. मुलगी त्यांना सिन्नरला घेऊन गेली. वर्ग आता आम्हीच चालवतो, म्हणजे बायको चालवते आणि मी सतरंज्या अंथरतो.

बाई गेल्याचं त्यांच्या मुलीने फोनवर सांगितलं. दुपारी जेवून पडल्या, त्या उठल्याच नाहीत. मी सोसायटीची मीटिंग रद्द केली.

त्याआधी दिवाळी झाल्यावर आम्ही दोघं त्यांना भेटायला सिन्नरला गेलो होतो. नको नको म्हणत असताना त्या काठी टेकत स्टँडवर पोहोचवायला आल्या. नाशिकची गाडी लागली होती. आम्ही खिडकीत बसलो. बाई खाली बाकावर टेकल्या. शेजारी एक खेडवळ बाई होती, मांडीवर काही महिन्यांचं बाळ, रडून लालबुंद झालेलं. ती हैराण होऊन त्याला नुसती थोपटत होती. बाईंनी काठी बाकाला टेकवली, बाळाचे दोन्ही तळपाय आपल्या हातांत घेतले आणि एकामागून एक पुढे-मागे करायला लागल्या, तोंडाने काहीतरी ठेका धरून. बाळ रडायचं थांबलं. आपल्या पायांकडे बघायला लागलं. त्याची आईही बघायला लागली.

गाडी सुटली. बायकोने खिडकीतून हात हलवला, मीही हलवला. बाईंना वर बघायला वेळ नव्हता.