गोधडीचं पोट

गोधडी परत आली. सत्यवतीबाईंनी ती मांडीवर घेतली आणि नुसत्या वजनावरून ओळखलं, हिचं पोट बदललंय.

चाळीस वर्षं खाडीकाठी बसून बाईंनी गोधड्या शिवल्या, मापाची पट्टी कधी हातात धरली नाही. महिला संस्थेच्या कल्पितानं स्कॉटलंडच्या बायकांसोबत एक गोधडी करायची टूम काढली, तेव्हा गावाला हसू फुटलं. हसायला काय जातं?

"मावशीच्या चिंध्या आता इमानात बसणार!" नाक्यावरून धनेश ओरडला.

"बसतील. तुझ्यावानी नाक्यावर न्हाय बसायच्या."

ठरलं असं: आत कापडाचं पोट भरून अर्धी बाईंनी शिवायची, अर्धी तिकडच्यांनी, आणि अलिबागच्या प्रदर्शनाआधी शेवटचा कोपरा बाईंनी मिटवायचा.

सासूनं शिकवलेली रीत होती. पोटात आपल्या माणसाचं कापड घालायचं, पण कुणाचं ते बोलायचं नाही. बाईंनी सुचिताची साडी घातली. लेक बाळंतपणात गेली, बाळासकट. ट्रंकेत तिची तेवढी एकच उरली होती, डोहाळजेवणाची हिरवी. पनवेलच्या पुढचा मुलूख पोरीनं पाहिला नव्हता. जाऊन येऊ दे एकदा, असं बाईंच्या मनात आलं. परत तर येणारच होती.

गोधडी परत आली त्या दिवशी कल्पितानं फोन लावला. पडद्यावर तिकडची पिकल्या केसांची एल्सी हसली, बोलत राहिली.

"मावशी, त्या म्हणतात, आतलं कापड विरलेलं होतं. उसवून काढलं, लोकर भरली आणि तुमचे टाके त्याच भोकांतून परत घातले. त्यांचे यजमान वारले ना, त्यांच्या शेवटच्या मेंढ्यांची लोकर आहे."

"काढलेलं कुठं हाय?"

कल्पितानं विचारलं. एल्सीचं हसू मावळलं.

"कचऱ्याच्या गाडीत गेलं, म्हणतात. त्या विचारतात, कुणाचं होतं, मावशी?"

शिवी बाईंच्या ओठांपर्यंत आली होती. गावात कुणाला सोडलं नव्हतं त्यांनी. पण समोरची म्हातारी दोन्ही हात छातीशी धरून वाट बघत होती.

"कुणाचं न्हाय. तिला सांग, लोकर चांगली हाय."

प्रदर्शनात गोधडी मधोमध टांगली. फोटो निघाले. कल्पिता कानाशी आली, "मावशी, कोपरा उघडाच राहिलाय."

"राहू दे. माझं आत घालायचं हाय अजून."

घरी ट्रंक रिकामी होती.