मीठ सोडलेल्या मावशी

"बघा बरं मीठ."

खिचडीचं पातेलं उतरलं की आमच्या शाळेच्या मावशी स्वयंपाकखोलीच्या दारात येऊन उभ्या राहायच्या. उजव्या हातात पळी, पळीत चार शितं, आणि खाली सांडू नये म्हणून डावा हात पळीखाली धरलेला. समोरून गुरुजी जावोत, शिपाई जावो नाहीतर एखादा पालक जावो, मावशी त्याला अडवायच्या आणि मीठ बघायला लावायच्या.

मुलांना वाढण्याआधी शिक्षकानं चव घ्यायची आणि वहीत सही करायची, असा नियमच आहे. मी बेंबळीच्या पुढच्या त्या गावात बदलून गेले तेव्हा हे चवीचं काम माझ्याकडे आलं. मला वाटलं, बाई नियमाला धरून वागणारी दिसते. एकदा घाईत होते म्हणून म्हटलं, मावशी, तुम्हीच बघा की, इतकी वर्षं करताय. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "मला काय कळतंय त्यातलं." वीस वर्षं रांधणारी बाई असं म्हणते, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं. पण मी विज्ञान शिकवते. माझं लक्ष सारखं दुसऱ्याला काहीतरी शिकवण्याकडे असतं, त्यामुळे समोरचं दिसायला वेळ लागतो.

दीडशे मुलांची खिचडी त्या नुसत्या हाताच्या अंदाजानं करायच्या. मूठभर मीठ घ्यायचं, त्यातलं थोडं परत डब्यात सोडायचं, उरलेलं पातेल्यात. माझ्या तीन वर्षांत एकदाही कमी-जास्त झालेलं मला आठवत नाही. मुलं जेवून उठली की मी विचारायची, तुमचं जेवण? उत्तर ठरलेलं होतं. "माझं झालंय खाऊन." ही थाप तुम्हीही घरोघरी ऐकली असेल. आपल्याकडच्या बायका ती इतक्या सहज मारतात की आपण ती खरी मानून पानावरून उठतो.

खरं काय ते मला एका उन्हाळ्यात कळलं. सकाळच्या शाळेत, भर चुलीपुढे मावशी खाली बसल्या त्या उठेचनात. ओठ पांढरे पडलेले, हातापायांत गोळे आलेले. मी धावत जाऊन लिंबूपाणी केलं, त्यात साखर घातली, मीठ घातलं. विज्ञानाच्या बाईला असा प्रसंग म्हणजे पर्वणीच. मावशींनी पेला तोंडाला लावला, पहिला घोट जिभेवर घेतला आणि बाजूला थुंकला.

"मीठ हाय व्हय यात? मला न्हाय चालत."

मग एकेक बाहेर आलं. मावशींना एकच लेक. तिला कर्नाटकाच्या बाजूला दिली होती. दोन वर्षांनी तिच्या अंगावर सूज यायला लागली, दोन्ही किडन्या गेल्याचं निघालं आणि सासरच्यांनी तिला कपड्यांच्या पिशवीसकट आईच्या दारात आणून सोडली. मावशींचे मालक आधीच वारले होते. तेव्हापासून मायलेकी आठवड्यातून दोनदा एसटीनं धाराशिवला जायच्या, लेकीचं रक्त मशीनवर धुऊन आणायच्या. तिथल्या डॉक्टरांनी लेकीला सांगितलं, मीठ बंद. पाणीसुद्धा दिवसाला मोजून एवढंच.

डॉक्टरांनी सांगितलं लेकीला. ऐकलं दोघींनी.

लेक अळणी खाते तर आईनं मीठ कसं खायचं? मावशींनी त्याच आठवड्यात तुळजापूरच्या देवीला बोलून टाकलं, माझी लेक मीठ खाईल तेव्हाच मी खाईन. वर सोमवार, मंगळवार आणि शुक्रवारचा उपास. लेक जेवढे पेले पाणी पिईल तेवढेच पेले स्वतः प्यायच्या, आणि तेही मार्च-एप्रिलच्या धगीत, दीडशे मुलांच्या पातेल्यासमोर. मी कपाळावर हात मारून घेतला. मी म्हटलं, अहो, आजारी ती आहे, तुम्ही नाही. त्यावर मावशी शांतपणे म्हणाल्या, "तिच्या तोंडाला चव न्हाय अन् म्या मिटक्या मारू?"

मी पुष्कळ बोलले आणि त्यांनी ते सगळं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी परत दारात पळी घेऊन उभ्या.

पुढे मात्र गोष्ट उपासापुरती राहिली नाही. धाराशिवच्या डॉक्टरांनी सांगितलं, मशीनवर किती दिवस काढणार, घरातल्या कोणाची किडनी जुळली तर बघा. घरात होतं कोण? मावशींनी विचार केलाच नाही. दोघी पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात जाऊन आल्या. रक्तगट जुळला, बाकीचंही जुळलं. पण मावशींचं वजन अडतीस किलो आणि अंगात रक्त निम्मं. तिथल्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं की या अंगातून काही काढता येणार नाही. खा, प्या, वजन वाढवा, रक्त वाढवा आणि मग या.

मावशी परत आल्या त्या दिवशी पहिल्यांदा खिचडी खाली लागली. मी आत गेले. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि पातेल्याकडे नुसत्या बघत होत्या. मला त्यांची दया आली आणि त्याहून जास्त राग आला. मी जे बोलले ते अजून शब्दाला शब्द आठवतं.

"मावशी, ती किडनी आता लेकीची आहे. तुमच्याकडे अमानत म्हणून ठेवलीय. तिला उपाशी ठेवायचा तुम्हाला काय हक्क?"

त्यांनी चुलीतलं लाकूड मागं ओढलं आणि म्हणाल्या, "देवीला काय सांगू?"

मी म्हटलं, देवीलाच विचारू, तुळजापूरला गाडी जाते. रविवारी दोघी गेलो. त्यांच्या घराण्याचे पुजारी म्हातारे होते. त्यांनी सगळं ऐकलं, मला वाटलं आता हे प्रायश्चित्त सांगतील, खर्च सांगतील. त्यांनी तसलं काही केलं नाही. म्हणाले, बोललेलं मोडू नका. मंगळवारी पाच घरी जोगवा मागा, पीठ-मीठ मागा. जोगव्यात आलेलं पीठ-मीठ देवीनंच दिलेलं असतं, ते खायला उपासाच्या दिवशीसुद्धा ना म्हणता येत नाही. मला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं आणि मी पडलेही. माझ्या वर्गातल्या मुलांना हे सांगू नका.

मंगळवारी मावशी परडी घेऊन चार घरं फिरल्या आणि पाचव्याला शाळेत आल्या. मी डबा काढला आणि ओंजळभर मीठ त्यांच्या परडीत घातलं. हात माझा होता, हे मी मुद्दाम सांगून ठेवते.

त्या दुपारी जोगव्याच्या पिठाची भाकरी आणि उडदाचं घुटं, असा त्यांचा पहिला घास मी समोर बसून बघितला. दोन वर्षं मीठ नसलेल्या जिभेला ते सोसेना. तोंड वाकडं झालं, डोळ्यांतून पाणी आलं. "लई खारट लागतंय ओ," त्या म्हणाल्या, आणि दुसरा घास घेतला.

मग सुरू झालं मावशींचं खाणं. मी त्यांना आखूनच दिलं होतं. उठल्यावर खजूर, सकाळी हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं, शाळेत आल्यावर गूळ-शेंगदाणे, दुपारी पोटभर भाकरी आणि पालेभाजी, ऊन चढलं की मीठ घातलेलं ताक, वर रक्ताच्या गोळ्या. बायका थकून गेल्यावर बाहेरची टॉनिकं शोधतात, आपलं हुलग्याचं माडगं काय वाईट आहे, असं भाषण मी सगळ्या स्टाफला दिलं. मावशी खायच्या ते बघवत नसे. भूक लागते म्हणून खाणारं माणूस वेगळं असतं. त्या घास तोंडात टाकायच्या, चावायच्या, पाण्याच्या घोटाबरोबर गिळायच्या, आणि पुढच्या घासाआधी थोडं थांबायच्या. पहिल्या महिन्यात दोनदा त्यांनी सगळं ओकून टाकलं. चूळ भरली आणि परत ताटावर बसल्या.

मी एकदा त्यांच्या घरी गेले तेव्हा लेक डिंकाचे लाडू वळत होती. हडकुळे हात, मशीनच्या सुयांनी मनगटावर आलेली गाठ, आणि पुढ्यात परातभर लाडू, ज्यातला एकही तिला चालणारा नव्हता. बाजूला तिचं दिवसाचं पाणी तांब्यात मोजून ठेवलेलं. मावशींनी आमच्यासमोर लाडू खाल्ला, वर मोठा पेला भरून ताक प्यायल्या. लेक त्या पेल्याकडे बघत होती. मावशींचा हात थांबला तेव्हा तीच हसून म्हणाली, "पी की. माझ्या वाटचं पण तूच पी."

वाटलं होतं त्याहून लवकर अंगी लागलं. दिवाळीत वजन बेचाळीस झालं, संक्रांतीला सत्तेचाळीस. गालावर तुकतुकी आली. पूर्वी पातेलं उतरवायला दोघी लागायच्या, आता मावशी एकट्या उतरवायला लागल्या. दुपारचं भांड्यांशी बसल्या बसल्या पेंगणं बंद झालं. कधी नव्हे ते त्या गुणगुणायच्या. कमरेच्या वर, पाठीला हात लावून मला म्हणायच्या, "हितं हाय बघा. चांगली पोसतीया." पुण्याचे डॉक्टर कागद बघून खूश झाले. त्यांनी मार्चमधली तारीख दिली. मावशींनी ती मला फळ्यावर लिहून दाखवायला लावली. आकडे कसे दिसतात ते त्यांना बघायचं होतं.

तारखेला अकरा दिवस राहिले होते. मंगळवारी सकाळी लेक धाराशिवला जाण्यासाठी तयार होऊन उंबऱ्यावर बसली. मावशी आत डबा भरत होत्या. बाहेर आल्या तर लेक भिंतीला टेकलेली होती आणि संपलेली होती. हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले. या दुखण्यात असं होतं, कोणाचा दोष नाही, असंही म्हणाले.

गल्लीतल्या बायकांनी मात्र दोष शोधला. देवीला बोललेलं बाईनं मोडलं, मास्तरणीच्या नादानं मीठ खाल्लं. त्या कुजबुजत होत्या, पण मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. मी त्यांच्याशी भांडू शकले असते. जोगवा, पुजारी, डॉक्टर, सगळं सांगू शकले असते. माझी जीभ उचलली नाही. कारण मलाही मनातून तेच वाटत होतं, आणि मी विज्ञान शिकवते.

दुसऱ्या दिवशी कडू घास घेऊन गेले. ज्या घरात मयत झालं तिथं चूल पेटत नाही, बाहेरच्यांनी भाकरी नेऊन घरच्यांच्या तोंडात घास घालायचा, ही आपली रीत तुम्हाला माहीत आहे. मी पिठलं-भाकरी नेली होती. वाटेत मनाशी सगळी तयारी केली होती. मावशी खाणार नाहीत, तोंड फिरवतील, मग मी काय म्हणायचं, कसं समजवायचं. दुःखातल्या माणसानं दोन घास तरी खाल्ले पाहिजेत, अंगात बळ राहतं, वगैरे. आयुष्यभर मी हेच तर बोलत आले.

मावशी भिंतीशी बसल्या होत्या. मी घास पुढे केला. त्यांनी तो लगेच घेतला. मग माझ्या हातातली भाकरीच घेतली आणि खाली मान घालून खायला लागल्या. एक भाकरी खाल्ली, दुसरी खाल्ली. बसलेल्या बायकांनी एकमेकींकडे बघितलं. तिसरी भाकरी अर्धी झाली तेव्हा मावशींनी मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. डोळे कोरडे होते.

"भूक लागती, बाई," त्या म्हणाल्या. "सकाळपासून लई लागलीया. लाज वाटती मला, पण लागती."

मी त्यांचा हात धरला. हात गरम होता, भरलेला होता, मनगटाची नाडी ठणठणीत लागत होती. मला तो सोडवेना आणि धरवेना.

"आता ही कुणाला देऊ?" दुसरा हात पाठीला लावून त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

मी रडले. त्यांनी उरलेली अर्धी भाकरी संपवली.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा मावशींचा निरोप आला की त्या तेरला भावाकडे राहायला गेल्या आहेत, कामावर येणार नाहीत. आता दुसऱ्या बाई खिचडी करतात. त्यांची खिचडी त्या स्वतःच चाखून बघतात, मी सही करते.

परवा तेरहून येताना गाडीच्या खिडकीतून मला त्या दिसल्या. पाच-सहा बायकांबरोबर खुरपणीला चालल्या होत्या आणि सगळ्यांच्या पुढे होत्या. अंग भरलेलं, पाठ ताठ, पाऊल झपाझप पडत होतं. अनोळखी माणूस म्हणाला असता, काय ठणठणीत बाई आहे. गाडी वळणावर सावकाश झाली, हाक मारली असती तर ऐकू गेली असती. मी तोंड उघडलं आणि मिटलं. मला विचारून विचारून एवढंच विचारता आलं असतं, जेवलात का?