सरांच्या बरणीतला नर

आमच्या प्राणिशास्त्राच्या सरांइतका खरं बोलणारा माणूस ठाण्यापासून कल्याणपर्यंत दुसरा सापडायचा नाही. लहान मुलंही खरं बोलतात म्हणा, पण त्यांना खाऊ देऊन गप्प करता येतं. सर शेजारचं बाळ बघायला गेले तेव्हा सगळे ‘नाक अगदी बाबांचं’ म्हणत होते, तर सर म्हणाले, “सहा महिने थांबा. आत्ता ते नाक कुणाचंच नाही.” कॉलेजात मी पहिल्यांदा पुस्तकातली झुरळाची आकृती सुबक उतरवून दिली, तेव्हा त्यांनी विचारलं, “तुझ्या झुरळाला पाय किती?” “सहा, सर.” “मोज.” माझ्यासमोरच्या झुरळाचा एक पाय तुटलेला होता. “दिसतं ते लिहायचं. वाटतं ते नाही.” शीळफाट्याजवळच्या आमच्या घरात कॉलेज पूर्ण केलेली मी पहिली. ती पदवी मी कुणाच्या मेहेरबानीवर मिळवलेली नाही, पण तिच्यातलं हे एक वाक्य मात्र सरांचं आहे.

सर विठ्ठलवाडी स्टेशनजवळ दुसऱ्या मजल्यावर राहतात, काडीकिड्यांबरोबर. लोणच्याच्या बरण्या, तोंडाला मच्छरदाणीचं कापड, आत पेरूच्या डहाळ्या आणि डहाळीसारखेच दिसणारे किडे. पाहुण्याच्या हातात चहाच्या आधी बरणी येते. या जातीत नर जवळजवळ नसतोच. मादी एकटीच अंडी घालते आणि त्यातून पुन्हा माद्याच निघतात. एकदा माझी आई आंबे घेऊन माझ्यासोबत आलेली. बोलता बोलता कुंतीचा विषय निघाला. सर म्हणाले, “मावशी, मंत्राने मूल होत नाही.” आईने बरणीकडे बोट केलं. “मंग सर, तुमचे बरनीन बापूस कुठं हाय?” स्वयंपाकघरातून सरांच्या बायकोचा आवाज आला, “बरं झालं विचारलंत. मी तीस वर्षं हेच विचारतेय.”

त्यांना आम्ही काकू म्हणायचो. घर ख्रिस्ती, पण चर्चमध्ये जायच्या त्या एकट्याच. सर त्यांना दारापर्यंत सोडून बाहेर झाडाखाली मुंग्या बघत उभे राहायचे. नाताळात काकू गव्हाण मांडायच्या, करंज्या तळायच्या, आणि दरवर्षी पहिली करंजी हातात घेऊन सर तोच मुद्दा काढायचे. “कुमारीला मूल झालं, हे एक वेळ धरून चालू. पण मग मुलगी व्हायला हवी होती. मुलग्याला लागणारं वाय गुणसूत्र आईजवळ असतंच कुठे?” काकू हातातला झारा न थांबवता म्हणायच्या, “मुलगी झाली असती तर ते तुमचं शास्त्र झालं असतं. मुलगा झाला, म्हणून तर देव.” आम्ही हसायचो. त्या दोघांना मूल नव्हतं, हे हसताना आमच्या लक्षात यायचं नाही.

काकू तीन वर्षांपूर्वी गेल्या. त्यानंतर कधीतरी सरांनीच सांगितलं. आता मुलाची आशा ठेवू नका, असं डॉक्टरांनी सांगितलं त्या दिवशी परतताना काकू रिक्षात म्हणालेल्या, “एकदा तरी म्हणा हो, शक्य आहे.”

“मग तुम्ही?”

“मी म्हटलं, दिसत नाही ते कसं म्हणू.” सरांनी बरणीवरचं कापड उगाचच ताणून बसवलं. “एक नर निघू दे. नुसत्या आईपासून. क्वचित निघतो गं. मग तिच्या कबरीपाशी जाऊन म्हणेन. खोटं न बोलता म्हणता येईल.”

गेल्या नाताळच्या आदल्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. “ये. भिंग आहे माझ्याकडे, तू फक्त डोळे घेऊन ये.” मी गेले. सरांनी गव्हाण मांडलेली, सगळी मेंढरं बाळाकडे पाठ करून, आणि शेजारी बरणी. अंगात इस्त्रीचा शर्ट, पायात घरातच बूट, टेबलावर कागदात गुंडाळलेली शेवंती. बरणीतली एक काडी खरंच बारीक होती, इतरांच्या अर्धी. “कालच शेवटची कात टाकली,” सर म्हणाले. “काय दिसतं?”

मी भिंग लावलं. किड्याने पुढचे पाय ताणले, आणि दोन्ही पायांच्या मुळाशी लालभडक डाग दिसला. या जातीत तो डाग पूर्ण वाढलेल्या मादीलाच असतो, हे मला सरांनीच शिकवलेलं. मी उगाच बराच वेळ भिंग धरून ठेवलं. एक शब्द बदलला असता तर सर लगेच निघाले असते. पण तो शब्द मला येईना.

“मादी आहे, सर. खाणं कमी पडलेली.”

“हं.” ते खुर्चीत बसून बुटाच्या नाड्या सोडायला लागले. “मलाही दिसलेला तो डाग. म्हटलं, माझे डोळे म्हातारे झालेत. तुला कदाचित दिसणार नाही.”

मी म्हटलं, फुलं तरी नेऊ या. त्यांनी नाड्या परत बांधल्या. कबरीपाशी सर वाकले. फुलं ठेवली, एक देठ वाकडा पडलेला तो सरळ केला, आणि निघालो.

त्या दिवशी मी एक बरणी मागून आणली. ती आता माझ्या खिडकीत असते. आई रोज पेरूची पानं बदलते आणि मला वेडी म्हणते. दर रविवारी सरांचा फोन येतो. मी आधी बरणीत बघते, मग फोन घेते.

“काय दिसतं?”

“माद्याच आहेत, सर.”

मग ते म्हणतात, “बरं. लिहून ठेव.”