मार्चमधल्या दोन जागा

माझ्या लग्नात नवरा-नवरीनं चालत जाताना वाजवायला बाबांनी स्वतः एक मार्च रचला होता. सरकारी कार्यालयात ते कारकून, आणि रविवारी आमच्या चर्चमध्ये पाईप ऑर्गन वाजवायचे. साखरपुड्यानंतर महिनाभर रोज संध्याकाळी त्यांचा तोच उद्योग. ऑर्गनच्या नळ्यांत हवा भरणारी मोटर कधीच जळून गेली होती, म्हणून मागे उभी राहून आई लाकडी दांड्यानं भाता चालवायची. नळाला पाणी येतं, तितकंच मी ते गृहीत धरलं होतं.

मार्च झकास होता, फक्त मध्ये दोनदा ऑर्गन अगदी गप्प व्हायचा.

"मी काय तिथं पुतळ्यासारखी उभी राहू? काढून टाका त्या जागा," मी फणकारले. राग तेव्हाही माझ्या नाकावरच असायचा.

बाबांनी आईकडे पाहिलं. ती म्हणाली, "काढून टाका जी. पोरीचं लग्न आहे, तिच्या मनासारखं होऊ द्या."

लग्नात मार्च अखंड वाजला. नवऱ्याचा हात धरून मी दारापर्यंत ताठ मानेनं चालत गेले. फोटोला सगळे जमले, आईचा पत्ता नाही. आली तेव्हा केस विस्कटलेले, ऐन डिसेंबरात ब्लाऊज घामानं भिजलेला.

"आज तरी बरी दिसायची होती न वं, आई!" मी चारचौघांत बोलले. ती नुसती हसली. अल्बममध्ये ती तशीच आहे.

आईला जाऊन आता तीन वर्षं झाली. गेल्या हिवाळ्यात ऑर्गनला नवी मोटर बसली, म्हणून एका सकाळी बाबांना ऑटोनं चर्चमध्ये घेऊन गेले. त्यांनी माझाच मार्च काढला. आणि त्या दोन्ही जागी ते थांबले. मोटर घरघरत होती, नळ्या गप्प.

"आता काहून थांबून राहिले, बाबा? मोटर आहे न."

"तुह्या आईले दम घ्याले त्या जागा ठेवल्या होत्या वं. मार्च लांब आहे. तिच्यानं एका दमात होत नव्हतं."

"मंग मले सांगितलं काहून नाही?"

"तिनं सांगू देल्लं नाही."

मला तिथं बसवेना. मोटर बंद केली, मागे गेले आणि दांडा धरला. "वाजवा बाबा. लग्नात वाजवला तसाच. थांबू नका."

पहिली जागा गेली तेव्हाच खांदे भरून आले होते. दुसरीपर्यंत मी पोचलेच नाही. हात सुटला, सूर घसरत घसरत बंद पडले. भिंतीला टेकून मी धापा टाकत रडत राहिले.

आई तेव्हा माझ्या आजच्याच वयाची होती. तिनं भाता शेवटपर्यंत चालवला, पदर सारखा केला आणि फोटोला आली.